व्हिएतनाम : डाँगचा हिशोब लागत नाहीये, तातडीने मदत हवी आहे

घाईत_आहे
परवा रात्री विमान आहे, व्हिएतनामला. पैशाचं काय ते उद्या दुपारपर्यंत उरकायचंय. सहलवाल्याने एक कागद दिलाय, त्यावर स्वखर्चाने करायच्या गोष्टी लिहिल्यात : टोपलीच्या आकाराची होडी १५०, कंदिलांची होडी २००, पायाचा मसाज ३५०. सगळं डाँगमध्ये. मोबाईलवर बघितलं तर १ रुपयाला जवळपास ३०० डाँग. म्हणजे तिन्ही मिळून अडीच रुपयेसुद्धा होत नाहीत! आणि त्याच कागदावर खाली, 'माणशी २०० डॉलर जवळ ठेवा'. हा माणूस येडा बनवतोय का? आणि डॉलर घेऊ की इथूनच डाँग? कुठे-कुठे फिरणार वगैरे विचारत बसू नका, बुकिंग झालंय सगळं.

पायाला_भिंगरी
डॉलरच न्या. १०० च्या, कोऱ्या करकरीत. दहा-वीसच्या नोटांना तिकडे भाव कमी देतात. विमानतळावर थोडेच बदला, बाकीचे गावात सोनाराकडे. हनोईत जुन्या भागाजवळ हा चुंग नावाचा रस्ता आहे, तिथे सराफांकडे आम्हाला मस्त भाव मिळाला होता.

नियमांचा_माणूस
भिंगरीसाहेब, असले सल्ले जपून द्या. परवाना नसलेल्या सराफाकडे डॉलर बदलणं तिथे बेकायदा आहे. २०१८ मध्ये कान थो शहरात एकाने १०० डॉलर असेच बदलले, तर ९ कोटी डाँग दंड लावला होता. बँकेत जा, नाहीतर परवान्याची पाटी असलेल्या दुकानात.

पायाला_भिंगरी
मी तीनदा जाऊन आलोय. तुम्ही किती वेळा?

नियमांचा_माणूस
दंड भरायला एकदा पुरतं.

कार्डवाला
रोख नेतो कोण आजकाल? फॉरेक्स कार्ड काढा, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड, विषय संपला.

सुमा_ठाणे
विषय संपत नाही हो. माझ्या फॉरेक्स कार्डवर डाँग भरायची सोयच नव्हती. डॉलर भरले, आणि तिथे प्रत्येक वेळी डॉलरचे डाँग करताना वर कापून घेतले. एटीएमचं शुल्क वेगळं. होडीवाल्या बाईकडे काय कार्ड घासणार? अजून एक, साध्या डेबिट कार्डाचा परदेशातला वापर बँका मुळात बंदच ठेवतात, ॲपमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. आमच्या ग्रुपमधल्या दोघांना हे तिथे मशीनसमोर उभं राहिल्यावर कळलं.

बाणेरचा_बंडू
व्हिसा काढलाय ना? आपल्याला लागतो बरं. ई-व्हिसा, एकदाच जायचं असेल तर २५ डॉलर. थायलंडसारखं समजून जाऊ नका.

घाईत_आहे
व्हिसाचं कोणी विचारलं? बुकिंग झालंय म्हटलं ना. माझा प्रश्न १५० डाँगचा आहे. त्यावर अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.

पायाला_भिंगरी
१५० डाँगमध्ये तिथे काहीच येत नाही. मी पाहिलेली सगळ्यात लहान नोट १००० ची. त्याखालच्या आहेत म्हणतात, पण हातात कधी आली नाही. तुमच्या कागदात चूक आहे.

तांब्यापितळ
अवांतर : 'डाँग' या शब्दाचा अर्थ तांबं. आपला रुपया रुप्याचा आणि त्यांचा डाँग तांब्याचा! आता मात्र नाणीच नाहीत. २००३ मध्ये काढली होती, लोकांना आवडली नाहीत, चलनातून गेली. दहा हजारापासून पुढच्या सगळ्या नोटा प्लॅस्टिकच्या, भिजल्या तरी काही होत नाही. एवढी शून्यं का, तर १९८५ मध्ये दहा जुन्या डाँगचा एक नवा केला, पण लगेच महागाई अशी भडकली की शून्यं परत आली. मग १९८६ पासून दोई मोई, म्हणजे आर्थिक सुधारणा, ती एक वेगळीच कथा...

घाईत_आहे
आजोबा, कथा नंतर. विमान परवा आहे.

तांब्यापितळ
मी आजोबा नाही. ४३.

गोदाकाठ
इथून डाँग घेऊ नका. आमच्या नाशकात तर मिळालेच नाहीत, आणि मुंबईत कुठे मिळाले तरी भाव पडेलच असणार. डॉलर घ्या. पण फॉरेक्सवाला प्रवाशाचा पासपोर्ट, तिकीट आणि पॅन मागतो, तेवढं उद्या बरोबर ठेवा.

घाईत_आहे
माझा पासपोर्ट संपलाय. तो कशाला लागतो?

गोदाकाठ
?? मग परवा जाणार कसे?

घाईत_आहे
मी नाही हो जात. आई आणि मावशी जातायत, ग्रुप टूरने. मी फक्त पैसे आणून देणार.

सुमा_ठाणे
हे आधी सांगायचं ना दादा! मग आईंचा आणि मावशींचा पासपोर्ट न्या, किंवा त्यांनाच घेऊन जा. डॉलर त्यांच्याच नावावर मिळणार.

कार्डवाला
आईंच्या मोबाईलवर टॅक्सीचं ॲप टाकून द्या, कार्ड जोडून ठेवा.

घाईत_आहे
आई फोन उचलते, बास. आता १५० चं बोला.

खडूस_मास्तर
कागदावर नेमकं जसं लिहिलंय तसं इथे उतरवा. तुमच्या शब्दांत नको.

घाईत_आहे
तसंच लिहिलंय. '150.000', '200.000', '350.000'. पॉइंटच्या पुढची शून्यं कोण लिहितं?

खडूस_मास्तर
घ्या, सापडलं. तो पॉइंट नाही. आपण हजाराला स्वल्पविराम देतो, तिथे टिंब देतात. म्हणजे दीड लाख, दोन लाख आणि साडेतीन लाख डाँग. शून्यं तुम्ही उडवलीत आणि सहलवाल्याला उगाच शिव्या दिल्यात. दुकानातल्या पाट्यांवर तर '१५० के' एवढंच असतं, तेही दीड लाखच.

सुमा_ठाणे
अगं बाई! आणि आम्ही सगळे नोटांच्या मागे लागलो होतो.

खडूस_मास्तर
आईंना एवढंच शिकवा : शेवटची तीन शून्यं अंगठ्याने झाकायची, उरलेल्या आकड्याची साडेतीन पट करायची, झाले रुपये. दीडशेचे सव्वापाचशे, दोनशेचे सातशे, साडेतीनशेचे सव्वाबाराशे. एकूण २४५० रुपये माणशी. खरा भाव याहून जरा कमीच पडतो, म्हणजे हिशोब सुरक्षित बाजूला राहतो.

घाईत_आहे
ओह. बरं. मग २०० डॉलर जास्त होतात की.

पायाला_भिंगरी
जास्त नाहीत. होई आन नावाचं गाव आहे, तिथे शिंपी एका दिवसात कपडे शिवून देतात. माझ्या बायकोने तिथे काय केलं ते विचारू नका.

गोदाकाठ
उरलेले डॉलर परत येतात, उरलेले डाँग कपाटात पडतात. त्यामुळे सगळे एकदम बदलू नका. आधी शंभराची एक नोट मोडा, लागेल तशी दुसरी.

बाणेरचा_बंडू
आपले रुपयेच न्यायचे ना सरळ, २५ हजारांपर्यंत परवानगी आहे.

नियमांचा_माणूस
न्यायला परवानगी आहे, घेणारा कोण? नेपाळ नाही ते.

सुमा_ठाणे
पैशाचं एक राहिलंच. वीस हजाराची आणि पाच लाखाची, दोन्ही नोटा निळ्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. संध्याकाळच्या उजेडात काही कळत नाही. मी शहाळ्यासाठी वीस हजार म्हणून पाच लाख पुढे केले, म्हणजे सत्तर रुपयांच्या जागी सतराशे. ती म्हातारी हसली आणि तिनेच माझ्या पाकिटातून बरोबर नोट काढून दाखवली. सगळे तसे भेटतील असं नाही. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या बटव्यात ठेवायला सांगा. मागच्या चित्रावरूनही ओळखता येतं : वीस हजारावर होई आनचा छप्पर असलेला पूल, पाच लाखावर घर.

घाईत_आहे
हे कामाचं. बटव्याचं आईला पटलं. दोघी शाकाहारी आहेत, त्याचं काही?

पायाला_भिंगरी
'चाय' म्हणायचं. तिथे चाय म्हणजे शाकाहारी. चहा मागायला गेलात तर टोफू येईल.

तांब्यापितळ
चाय हा शब्द मुळात बौद्ध परंपरेतल्या

घाईत_आहे
दादा, प्लीज.

सुमा_ठाणे
मेतकूट आणि खाकरे द्या बरोबर. आणि मसाज, होडी, सगळीकडे आधी भाव कागदावर लिहून घ्यायला सांगा. बोलण्यात कोणी 'फिफ्टी' म्हणतं, कोणी 'फिफ्टीन', लिहिलं की भांडण नाही.

घाईत_आहे
(दुसऱ्या दिवशी)
आईला घेऊनच गेलो. दोघींचे मिळून ४०० डॉलर घेतले, शंभराच्या चार नोटा. आत्ता घरी येऊन बघतोय तर एका नोटेवर कोपऱ्यात छोटा निळा शिक्का आहे. चालेल ना?

गोदाकाठ
कोणीतरी मोजताना मारलेला असणार. इथे चालते, तिथे नाकारतात किंवा भाव कमी लावतात. पावती आहे ना? दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?

घाईत_आहे
सात. आता सव्वासहा झालेत.

गोदाकाठ
मग इथे काय लिहिताय, निघा.