आचरेकर सरांचं उदाहरण अर्धंच
‘कौतुक केलं की माणूस ढिला पडतो, आचरेकर सर सचिनला कधी वेल प्लेड म्हणाले नाहीत’ हा कोचिंगच्या चर्चेत मांडला जाणारा मुद्दा अर्धाच वाटतो. २०१३ च्या वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिनने हे सांगितलं खरं, पण सर त्याला स्कूटरवरून मुंबईभर सामन्यांना न्यायचे, हेही त्याच भाषणात आहे. तेवढा जीव लावला होता म्हणून ती कंजुषी पचली.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिनने १९७९ मध्ये मानसोपचारातल्या नात्याचे तीन भाग मांडले: उद्दिष्टावर एकमत, कामावर एकमत आणि जिव्हाळा. कोचिंगच्या नात्यालाही हेच लागू पडतं, पण कंपनीने कर्मचाऱ्यासाठी नेमलेल्या कोचकडे पहिल्या भागातच घोळ होतो. उद्दिष्ट साहेबाचं, की समोर बसलेल्याचं? (फी तर साहेबच भरतो!) त्यामुळे कुठली गोष्ट साहेबापर्यंत जाणार नाही, हे पहिल्याच बैठकीत कोच, साहेब आणि कर्मचारी या तिघांनी ठरवून घ्यावं.