उरलेल्या अन्नासाठी डबा कोणता घ्यावा: स्टीलचा, काचेचा की प्लास्टिकचा?

धागाकर्ती, पुणे

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत आमच्या स्वयंपाकघरातून उरलेले अन्न ठेवायचे सव्वीस डबे निघाले आणि त्यांपैकी नऊ डब्यांची झाकणे सापडलीच नाहीत. त्यानंतर मी सगळे प्लास्टिक बाहेर काढून स्टीलचे सहा पसरट डबे घेतले. उरलेल्या आमटी-भाजीसाठी सिलिकॉनची रिंग असलेला, बुटका आणि रुंद तोंडाचा स्टीलचा डबाच योग्य आहे, असे माझे मत झाले आहे. ते इथे मांडते.

आपण डबा किती लिटरचा आहे हे पाहतो, पण त्याचा आकार पाहत नाही. १० सेंटीमीटर व्यासाच्या उभ्या डब्यात एक लिटर वरण ओतले तर ते जवळजवळ १३ सेंटीमीटर चढते. तेच १८ सेंटीमीटर व्यासाच्या डब्यात जेमतेम ४ सेंटीमीटर राहते. पिठले किंवा घट्ट वरण यांसारखे पदार्थ आतून ढवळले जात नाहीत, त्यामुळे त्यांच्या थराची जाडी दुप्पट झाली की निवायला सुमारे चौपट वेळ लागतो, आणि वरून गार लागणारा उभा डबा मध्यभागी बराच वेळ कोमटच राहतो. स्टीलमधून उष्णता काचेपेक्षा कितीतरी लवकर बाहेर पडते, म्हणून पसरट आकार आणि स्टील ही जोडी मला सर्वांत उपयोगाची वाटते. शिवाय त्याला हळदीचा डाग पडत नाही आणि कालच्या सुकटीचा वास आजच्या खिरीला लागत नाही.

प्रतिसाद, ठाणे

आकाराबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण स्टीलबद्दलचे अजिबात नाही. अन्न वाया जाते ते बहुतेक वेळा दिसत नाही म्हणून. फ्रिजच्या मागच्या कप्प्यातल्या स्टीलच्या डब्यात बिरडे आहे की कोशिंबीर, हे उघडल्याशिवाय कळत नाही; मग दारातूनच नजर फिरवून माणूस नवी भाजी चिरायला घेतो आणि चौथ्या दिवशी तो डबा तसाच ओट्यावर येतो. आमच्याकडे हे वर्षानुवर्षे घडत होते. काचेचे डबे आल्यापासून मुले स्वतःहून उसळ काढून घेतात, कारण ती त्यांना समोर दिसते.

दुसरे असे की, स्टील मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. प्रत्येक वेळी अन्न दुसऱ्या भांड्यात काढायचे म्हणजे घासायला दोन भांडी. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तापमानातला फरक ती अधिक सोसते. तरीही फ्रीझरमधला डबा थेट तापवू नये. रस्सा गोठवायचा असेल तर वर दोन बोटे जागाही सोडावी, कारण पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते.

प्रतिसाद, नागपूर

वरच्या दोन्ही मतांत प्लास्टिक गृहीतच वाईट धरले आहे, म्हणून लिहिणे भाग आहे. माझी आई ७८ वर्षांची आहे आणि तिच्या बोटांना संधिवात आहे. आमटीने भरलेला एक लिटरचा काचेचा डबा दीड किलोच्या पुढे जातो. तो वरच्या कप्प्यातून तिला एका हाताने उतरवता येत नाही. मागच्या हिवाळ्यात असा एक डबा तिच्या हातून निसटला, आणि त्यानंतर कित्येक दिवस ती फ्रिज उघडायलाच बिचकत होती. स्टीलच्या डब्याचे घट्ट बसलेले झाकणही तिला निघत नाही. तिला जो डबा पेलतो आणि उघडता येतो, तोच तिच्यासाठी व्यवहार्य.

प्लास्टिक सरसकट एक नसते. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर तो डबा पॉलिप्रोपिलीनचा असतो आणि तो अन्नासाठी सर्रास वापरला जातो. आमच्या घरी नियम एवढाच आहे की त्यात निवलेलेच अन्न घालायचे, त्यात काहीही तापवायचे नाही आणि आतून खरवडला गेलेला डबा काढून टाकायचा. हळदीचा पिवळेपणा दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवला की बराच उतरतो, कारण हळदीचा रंग प्रकाशाने फिका होतो.

प्रतिसाद, नाशिक

डबा कशाचा यापेक्षा अन्न त्यात केव्हा गेले याला मी अधिक महत्त्व देतो, आणि भाताच्या बाबतीत तर फारच. बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही टिकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढतात, आणि त्यांपैकी काहींनी तयार केलेले उलट्या घडवणारे विष सकाळी फोडणी देऊनही नष्ट होत नाही. शिजवलेले अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि ५ अंश सेल्सिअसच्या खाली साठवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फोडणीचा भात मलाही प्रिय आहे, पण त्यासाठीचा भात रात्रीच पसरून, निववून फ्रिजमध्ये गेलेला असावा.

धागाकर्ती, पुणे

नागपूरच्या प्रतिसादाने मला माझे मत तपासून पाहायला लावले. ज्येष्ठांच्या हातांचा विचार मी केला नव्हता. ती माझी चूक आहे आणि त्या घरी हलका डबाच हवा. मात्र हॉटेलातून आलेले पातळ डबे धुऊन महिनोन्महिने वापरण्याची सवय मी तरीही चुकीचीच मानते. ते एकदा वापरण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात, आणि आपण तर त्यांत उकळता रस्सा ओततो.

काचेतून आतले अन्न दिसते, हे खरे आहे. मी स्टीलच्या झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून पदार्थ आणि वार लिहिते. आमच्या घरात तेवढे पुरते. स्टील घेताना मात्र प्रत पाहावी. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ प्रतीत निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते, त्यामुळे खारट-आंबट पदार्थ त्यात वारंवार ठेवल्यास त्याला गंज लवकर धरू शकतो. पितळेच्या डब्याला कल्हई नसेल तर चिंचेची आमटी कळकते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. स्टीललाही आंबटाची परीक्षा असतेच.

प्रतिसाद, ठाणे

चिकटपट्टी लिहिणारी व्यक्ती घरात एकच असते आणि ती गावाला गेली की लिहिणे थांबते. म्हणून मी काचेवरच ठाम आहे. आणखी एक गोष्ट विचारायची आहे. हल्लीच्या बऱ्याच स्टीलच्या आणि काचेच्या डब्यांची झाकणे प्लास्टिकचीच असतात. मग डबा काठोकाठ भरून गरम असतानाच झाकण दाबले, तर अन्न प्लास्टिकला लागतेच ना?

धागाकर्ती, पुणे

लागते. म्हणूनच मी डबा पाऊण भरते आणि वाफ जाईपर्यंत झाकण नुसते तिरके ठेवते. नाहीतर झाकणाला साचलेले पाणी परत भाजीत पडते आणि ती लवकर विटते. माझ्या सहापैकी चार डब्यांची झाकणे स्टीलची आहेत आणि त्यांच्या रिंगा काढून धुता येतात. उरलेल्या दोघांच्या रिंगा निघत नाहीत, त्यांच्या खाचेत तेल साचून खवट वास येऊ लागला आहे, आणि ते दोन डबे आता मी फक्त सुक्या चटण्यांना ठेवले आहेत. सुट्या रिंगा कुठल्या मापाच्या मिळतात, हे दुकानात विचारूनच पुढचा डबा घेणार आहे.