देहबदलाच्या गोष्टीत मागावर कोण बसतं?

विणकराची_नात
एक दीर्घकथा लिहून राहिली मी. नागपुरातल्या गोळीबार चौकाजवळचं कोष्ट्यांचं, म्हणजे विणकरांचं घर, बहात्तर वर्षांचे आबाजी आणि मिहान या उद्योगवसाहतीतल्या कंपनीत कोडिंग करणारी त्यांची नात. एका सकाळी दोघं एकमेकांच्या देहात जागे होतात. तिसऱ्या प्रकरणात आबाजी, म्हणजे नातीच्या देहातले, सवयीनं मागावर जाऊन बसतात. तिथून पुढे एक ओळ सरकत नाही. त्यांना धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं ते लाकूड, फेकता येईल का?

हात तर तिचे आहेत. माझे स्वतःचे आबाजी विणता विणता शेजाऱ्याशी राजकारणावर भांडायचे. नजर दाराकडे, पाय मात्र पावडीवर, म्हणजे मागाच्या खालच्या पायपट्टीवर, बरोबर पडायचे. ती विद्या आबाजींची होती की त्यांच्या हातापायांची?

जॉन लॉक या इंग्लिश तत्त्वज्ञानं 1694 मध्ये मांडलेलं उदाहरण वाचलं. राजपुत्राची जाणीव मोच्याच्या देहात शिरली, तर ती व्यक्ती राजपुत्रच. पण त्या राजपुत्राला लॉकनं जोडा शिवायला बसवलंच नाही! माझं नेमकं तिथेच अडलंय. ‘आत्मे बदलले’ एवढं लिहून पुढे जाणं मला पटत नाही, आणि ‘गोष्टच आहे, काहीही चालतं’ हेही नाही.

रामटेककर_गुरुजी
ताई, आत्मे बदलले असं तर मुळीच लिहू नका. जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचा गीतेतला श्लोक सगळ्यांना पाठ असतो, दुसऱ्या अध्यायातला बाविसावा. त्याच्या दोनच श्लोक पुढे आत्म्याला ‘सर्वगतः स्थाणुरचलोऽयम्’ म्हटलं आहे. जो सगळीकडे आहे आणि हलत नाही, तो या खाटेवरून त्या खाटेवर जाणार कसा? आपल्याकडे प्रवास करतं ते मन-बुद्धी-इंद्रियांचं सूक्ष्म शरीर. योगसूत्रातही ‘चित्तस्य परशरीरावेशः’ असंच आहे. दुसऱ्याच्या देहात शिरतं ते चित्त. संस्कार चित्तातच साठतात, म्हणून आबाजींना विणता यावं. वेताळानं धडं-शिरं अदलाबदल झालेल्यांची गोष्ट सांगितली तेव्हा विक्रमानंही नवऱ्याचं शिर ज्या धडावर, तोच नवरा असा निवाडा दिला होता.

न्यूरो_फिजिओ
गुरुजी, शिराचा निवाडा इथे उलटा पडतो. या गोष्टीत डोकी आपापल्या जागीच आहेत ना! मी पक्षाघाताच्या रुग्णांसोबत काम करते, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटला.

हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन रुग्णाची 1953 मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि नवी आठवण धरून ठेवण्याची शक्तीच गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण आधी कधी हे केल्याचं त्याला आठवायचं नाही. ‘काय घडलं’ याची आठवण आणि ‘कसं करायचं’ याची आठवण मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी राहतात. हाताचं कसब हातात नसतं, मेंदूत असतं, आणि मेंदू म्हणजे देहच. तेव्हा आबाजींना नक्षी माहीत असेल, कोणता धागा तुटणार हे दिसेल, पण धोटा भलतीकडे जाईल. आणि ज्या पोरीनं कधी माग चालवला नाही, तिचा हात आबाजींच्या देहात आपोआप चालू लागेल. ताई, तो प्रसंग लिहाच.

इंदोऱ्याचा_वाचक
दोघंही एक गोष्ट गृहीत धरून राहिले, की आत काहीतरी अखंड ‘मी’ आहे आणि तो इकडून तिकडे गेला. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याबद्दल विचारतात: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच नाही, आणि वेगळीही नाही.

माझ्या आजोबांनी 1956 मध्ये दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारला. देह तोच, आठवणी त्याच, घरही तेच. आजी म्हणायची, गेला तो माणूस वेगळा, आला तो वेगळा. ताठ चालत आला. तेव्हा फक्त देह बदलून माणूस बदलतो असं समजू नका. महिनाभर नातीच्या कमाईवर, नातीच्या बसमध्ये, नातीकडे पाहणाऱ्या नजरांतून फिरून आल्यावर आबाजी तेच राहतील का, हे लिहा.

विणकराची_नात
बाप्पा, हे शेवटचं तर माझ्या डोक्यातही नव्हतं. बसचा प्रसंग चौथ्या प्रकरणात घेते.

मागाचं मात्र ठरलं. आबाजी दोनदा धोटा पाडतील आणि चिडून उठतील. मग नात खड्ड्यात पाय सोडून बसेल, हात तिला न विचारता चालेल, आणि आबाजी शेजारून काठाचे धागे मोजून सांगतील. एकाला माहीत आहे, दुसरीला येतं, म्हणजे पातळ दोघांनी मिळूनच पुरं करायचं. गुरुजी, ‘आत्मा’ हा शब्द फक्त आजीच्या तोंडी ठेवते. कथेचा निवेदक तो वापरणार नाही.

एक मदत हवी आहे. आमच्या घरचा माग कधीच मोडला. गोळीबार चौक, पाचपावली, इतवारी भागात कोणाकडे अजून हातमाग चालत असेल, आणि थोडा वेळ शेजारी बसू देत असतील, तर सांगा. पाय आधी की हात आधी, हे मला डोळ्यांनी पाहायचं आहे.