मदत हवी आहे: कंट्री गाणाऱ्या नव्या मुली सुचवा

मंडळी, भाची गिटार शिकतेय आणि तिच्यामुळे मलाही अमेरिकन कंट्रीचं (तिथल्या ग्रामीण भागातून आलेल्या संगीताचं) वेड लागलंय. सुरुवात मेगन मोरोनीच्या 'टेनेसी ऑरेंज'ने (२०२२) झाली. जॉर्जियाची मुलगी प्रियकरासाठी टेनेसीच्या संघाचा नारिंगी रंग अंगावर घालते आणि ते आईला सांगते, एवढंच. पण त्यात एवढं काय बिघडलं हे कळायला आधी या दोन राज्यांच्या कॉलेज फुटबॉल संघांचं वैर समजून घ्यावं लागलं!

मग एला लँगलीचं रायली ग्रीनसोबतचं 'यू लुक लाइक यू लव्ह मी' (२०२४). कडवी चक्क गप्पा मारल्यासारखी बोललीत. चॅपल रोन मूळची पॉपवाली, पण २०२५च्या 'द गिव्हर'मध्ये फिडल (म्हणजे लोकसंगीताच्या ढंगात वाजवलेलं व्हायोलिन) काय वाजलंय! (शब्द भाचीच्या वयाचे नाहीत, ते सोडा.)

तर अशी अजून सुटी गाणी सांगा. गायिका तरुण हवी, फिडल, बँजो किंवा पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवतात ती गिटार) खरोखर ऐकू यायला हवं, नुसती काउबॉय टोपी आणि बूट नकोत. तीन-चार कॉर्डमध्ये बसलं तर उत्तमच. टेलर स्विफ्ट सुचवू नका, तिचं २००६पासूनचं सगळं घरात तोंडपाठ आहे.