वॉरफेरिन चालू असताना आईला सीबीडी गमी देता येतील का?

प्रश्न (लेस्टरकर): आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे आली आहे. गुडघेदुखीमुळे तिला झोप लागत नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी तिला सीबीडीच्या (भांगेच्या झाडातला, नशा न आणणारा घटक) गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, आणून दिल्या. प्रत्येक गमीत 25 मिलिग्रॅम सीबीडी असल्याचे डबीवर छापले आहे. आई रोज वॉरफेरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे औषध) घेते. दुकानात सर्रास मिळणारा हा पदार्थ तिला चालेल का?

उत्तर (औषधनिर्माती): कृपया देऊ नका. यकृतातील जी विकरे वॉरफेरिनचे विघटन करतात, त्यांच्या कामात सीबीडी अडथळा आणते. त्यामुळे औषध रक्तात साचून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीचा आकडा) वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. कोणतेही औषध चालू असलेल्यांनी, गर्भवती व स्तनदा मातांनी, गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्यांनी आणि 18 वर्षांखालील मुलांनी सीबीडी टाळावे, असे ब्रिटनची अन्न मानके संस्थाही सांगते. आईंनी आधीच काही गमी खाल्ल्या आहेत का?

उत्तर (लीड्सचा रहिवासी): औषधाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ही मात्रा जास्तच आहे. 2020 मध्ये याच संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 70 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली होती. परंतु दीर्घकाळ सेवन केल्यास यकृतावर आणि थायरॉइडवर दुष्परिणाम होऊ शकतात असे दिसल्याने ऑक्टोबर 2023 मध्ये ती 10 मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे पाच टक्के सीबीडी असलेल्या तेलाचे जेमतेम चार-पाच थेंब. तुमच्याकडची एक गमीच त्या मर्यादेच्या अडीचपट आहे. संस्थेच्या यादीत उत्पादनाचे नाव असले, तरी ती मंजुरी नव्हे. त्यामागे परवानगीचा अर्ज दाखल आहे, एवढाच तिचा अर्थ. माझ्या मते आपल्या लोकांची सर्वाधिक फसगत इथेच होते, कारण दुकानात मिळते ते तपासलेलेच असणार असे आपण गृहीत धरतो.

लेस्टरकर: तिने गेल्या तीन दिवसांत तीन गमी खाल्ल्या आहेत. उरलेली डबी तिला पुण्याला न्यायची आहे.

औषधनिर्माती: गमी आजच थांबवा, वॉरफेरिन मात्र स्वतःहून बंद करू नका किंवा त्याची मात्रा बदलू नका. दवाखान्यात आजच फोन करून सीबीडी घेतल्याचे स्पष्ट सांगा आणि आयएनआर लवकर तपासून मागा. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग पडणे, काळी शौच होणे, डोक्याला मार लागणे, यांपैकी काहीही घडल्यास तपासणीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा. डबी भारतात नेऊ नका: तिथे 2021 पासून अन्न म्हणून मान्यता आहे ती हेम्पच्या (भांगेच्या झाडाचा नशा न आणणारा प्रकार) बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना, या गमींना नाही.

लेस्टरकर: दवाखान्याने उद्या सकाळी आठची वेळ दिली आहे. आईला सगळे समजावून सांगितले. डबी माझ्याकडे आहे, ती तिथे दाखवायला घेऊन जातो.