बुडबुडे बंद झाले, आता बाटल्या भरू का?

कर्वेनगरचा आंबट
मंडळी, वीस लिटर पेल एल बिअर आंबायला लावलीय, आज सातवा दिवस. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबत जाते तशी उतरते) १.०५०. तिसऱ्या दिवशी एअरलॉकची (झाकणावरची वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) नुसती बडबड चालली होती, परवापासून चिडीचूप. काल मोजली तर १.०१८, आज सकाळी १.०१७. चव किंचित गोडसर. बादली परातीतल्या पाण्यात, भोवती ओला पंचा, समोर टेबलफॅन.

शनिवारी मित्र येणार म्हणून घाई. पण मागच्या खेपेला असेच बुडबुडे थांबले म्हणून पाचव्या दिवशी भरून मोकळा झालो, आणि दोन आठवड्यांनी रात्री अडीचला ओट्याखाली दोन बाटल्या फुटल्या. आईला वाटलं कुकर उडाला. काचा साबुदाण्याच्या डब्यामागे निघाल्या. तेव्हापासून घरात या छंदाला नुसतं 'ते' म्हणतात.

माल्टोबा
एअरलॉकच्या साक्षीवर जाऊ नकोस रे. झाकण जरा सैल असलं की वायू तिकडून निसटतो आणि एअरलॉक गप्प. उलट दुपारी खोली तापली की बिअरमध्ये विरघळलेला वायू बाहेर पडतो, मग सगळं आटोपलेलं असूनही बुडबुडे येतात.

आकडा अजून उतरतोय, म्हणजे काम चालू आहे. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवतो ते) फार गरम केला नसशील तर ही १.०१० ते १.०१३ च्या आसपास टेकावी. वरचे चार पॉइंट (म्हणजे ०.००४) बाटलीत आंबले तर बिअरच्या दुप्पट आकारमानाचा वायू होतो, बाटली भरताना फेसासाठी तू घालशील त्या साखरेचा वेगळाच. तुझ्या ओट्याखाली तेच झालं. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की भर. मध्येच अडकली तर पंचा काढ, बादली हलकेच गोल फिरव, थांब.

आणि शनिवारी भरलीस तरी बाटलीत वायू धरायच्या आत, शनिवारीच पिणार कशी? मित्रांना मिसळ खिलव.

पेठेतली पाटी
दुधाचा लॅक्टोमीटर पाहिलाय ना? ग्रॅव्हिटी मोजायच्या हायड्रोमीटरचं तत्त्व तेच. पण तो किती अंशांचा आहे, म्हणजे किती तापमानाला बरोबर दाखवतो, ते आतल्या पट्टीवर वाचलंस का? माझा २० चा. एप्रिलमध्ये नमुना २९ अंशांवर असतो, तेव्हा आकडा दोन पॉइंट कमी दिसतो. म्हणजे तुझी कदाचित अजून १.०१९ वरच असेल. मोजण्याआधी हायड्रोमीटरला गिरकी दे. चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारा) असला तर आत्ता बाहेर काढू नकोस, अल्कोहोल झाल्यावर तो आकडा फुगवून सांगतो.

नमुना परत बादलीत ओतायचा नाही. प्यायचा.

कर्वेनगरचा आंबट
मॅश ६६ ला होता. हायड्रोमीटर २० चाच निघाला, पाटीराव, आजवर वाचलंच नव्हतं!

कर्वेनगरचा आंबट (नऊ दिवसांनी)
१.०१२, तापमानाचा हिशेब धरून. चार दिवस ढिम्म. गोडसरपणा गेला. आज भरल्या, लिटरला सहा ग्रॅम साखर. एक सोड्याची प्लॅस्टिकची बाटलीही भरलीय, रोज दाबून बघायला. सगळ्या झाकणाच्या पिंपात, वर जुनी सतरंजी. ओट्याखाली जागा आहे, पण आई म्हणते तिथे आता कांदे.