जुना मातीचा बांध : झाडं, झिरप आणि सांडवा

तलावाच्या जुन्या मातीच्या बांधाबद्दल काही जण म्हणतात, ‘इतकी वर्षं टिकलाय, आता काय होणार?’ हे मला अजिबात पटत नाही. मातीच्या बांधातला लोखंडी पाइप गंजतो, त्याच्या कडेने पाणी वाट काढतं आणि हळूहळू माती वाहून नेतं. वरून हिरवळ तशीच दिसते.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण असंच होतं. तिथली वीजनिर्मिती १९५७ साली थांबली, मग तलाव केवळ विरंगुळ्यापुरता उरला. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी जोरदार पावसानंतर, लोक झोपेत असताना धरण फुटलं. ३९ माणसं गेली.

बांधावरची झाडं सावलीसाठी राहू द्यावीत, असंही काहींचं म्हणणं आहे. सावली मलाही हवी, पण तलावाच्या काठावर, भरावावर, म्हणजे बांधाच्या मातीवर, नको. झाड वाळलं की मुळं कुजून आत पोकळ्या राहतात. वादळात उन्मळलं तर भरावाचा लचकाच तुटतो. मात्र मोठी झाडं घाईने उपटू नका. अभियंत्याला विचारूनच काढा आणि खड्डे थराथराने माती दाबून भरा.

फिरायला जाणाऱ्यांनी पायथ्याशी कुठे ओल आहे ते बघत राहावं. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर नोंद ठेवा. गढूळ झालं किंवा अचानक वाढलं तर लगेच कळवा. आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, बांधलेली जाळी आधी काढायला लावा. मोठ्या पावसात तिथे काडीकचरा अडकला, तर पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागेल.